खालाच्या डोळ्यातला दोरा

मी नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दर वर्षी बुरशीचा धडा आला की माझा आवाज चढतो, असं मुलं म्हणतात. जिवाणूंवर मी शांतपणे बोलते, विषाणूंवर तर जांभया देत बोलते, असंही म्हणतात. खरं असेल. पण "लाली गेली म्हणजे आजार बरा झाला" असं कुणी उत्तरपत्रिकेत लिहिलं, की माझ्या पेनची रेघ मागच्या पानावर उमटते. याला कारण लातूरची एक बाई आहे. पत्र्याच्या ओसरीत शिलाई मशीनवर बसणारी, आम्हा चार मुलींची घरमालकीण. आम्ही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो.

दहावीला मला बरे मार्क पडले आणि मुदखेडच्या आमच्या घरात ठरून गेलं की हिला लातूरला टाकायची. तेव्हा मराठवाड्यात हुशार पोरांना लातूरला टाकत, लोणचं मुरायला टाकावं तसं. भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती, तरी गावात दोनच विषय होते: त्या पहाटे कोण कुठे होतं, आणि कुठल्या सरांच्या बॅचमध्ये जागा मिळते. भूकंपानंतर खालानं आपल्या घराच्या दगडी भिंती अर्ध्यावर उतरवल्या होत्या. वर स्लॅब घालू दिला नाही. अंगणात पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या आणि त्यात शिकवणीच्या मुली ठेवल्या. नवरा आधीच वारलेला, मुलगी उदगीरला दिलेली. आम्ही आलो आणि तिला पुन्हा कुणावर तरी ओरडायला मिळालं.

त्या घरात आतून कडी लावायची नाही असा नियम होता. भूकंपाच्या वेळी तिच्या दाराची कडी अडकली होती, शेजाऱ्यानं दार फोडून तिला बाहेर काढलं होतं. तेव्हापासून सगळ्या कड्या तिनं उचकटून टाकल्या. माझे वडील पहिल्यांदा सोडायला आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मुलींची खोली आणि कडी नाही! खाला म्हणाली, "भाऊसाब, कडी मीच हाय की." आणि खरंच ती आमच्या उंबऱ्यासमोर बाज टाकून झोपायची. तिला ओलांडून चोर काय, आम्हीसुद्धा जाऊ शकत नव्हतो. एकदा मी हळूच पाय टाकून जायला बघितलं तर झोपेतच तिनं माझा घोटा धरला होता.

ती पोरांचे गणवेश शिवायची, आणि लातूरमध्ये शिकवण्या वाढल्या तसे प्रॅक्टिकलचे पांढरे ॲप्रनही. कापड ओळखताना तिला बघावं लागत नसे. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये टोक चोळायची आणि सांगायची, "यात निम्मं टेरिकॉट हाय, दुकानदारानं फशिवलं तुला." आम्ही तिच्या पाठीमागून ओढण्यांची टोकं तिच्या हातात देऊन परीक्षा घ्यायचो. ती एकदाही चुकली नाही. चुकली असती तरी आम्हाला कळलं नसतं, आम्हाला कुठे कापडातलं काही कळत होतं.

पहाटेची बॅच असल्यामुळे ती आमच्याही आधी उठून अंगणातला बंब पेटवायची. त्यात तुराट्या घालायची, म्हणजे तुरीची वाळलेली झाडं. मागच्या वर्षीची मोळी भिंतीला लावलेली असायची आणि पावसाळ्यात ती ओली होऊन काळीमिट्ट पडायची. खाला एकेक काटकी गुडघ्यावर ठेवून कडाकड मोडायची. आम्ही पांघरुणातून ते आवाज ऐकायचो आणि अजून दोन मिनिटं पडायचं म्हणून कूस बदलायचो. मग ती ओरडायची, "उठा गं मायांनो, पाणी निवून राहिलंय! डॉक्टर होणार म्हणे, आंघोळीला मुहूर्त पाहून राहिल्या!"

अकरावी संपून बारावीचं वर्ष सुरू झालं आणि पावसाळ्यात लातूरभर डोळ्यांची साथ आली. क्लासमध्ये एका बाकावर पाच पाच मुलं बसायची, त्यामुळे साथीला रान मोकळं मिळालं. निम्मी बॅच काळे गॉगल लावून बसलेली. सर फळ्याकडे वळून म्हणायचे, "मी क्लास घेतोय का सिनेमाचं शूटिंग?" आमच्या खोलीत पहिल्यांदा माझे डोळे आले, मग हिमायतनगरच्या मैत्रिणीचे, मग बाकी दोघींचे. आम्ही बऱ्या झालो आणि एके दिवशी बघतो तर खालाचा डोळा लाल.

"आणलंच ना घरात," ती म्हणाली. "दोन दिवस झाले नुसतं चुरचुर करून राहिलंय. डोळे आले माझे."

डोळे आले म्हटल्यावर पुढे विचारायचं काय राहतं? आपल्याकडे हे दोन शब्द उच्चारले की निदान झालं, उपचार ठरले. समोरच्याच मेडिकलवाल्यानं दुकानातून मान लांब करून तिचा डोळा बघितला आणि लाली घालवायचे थेंब दिले. गावात त्या थेंबांचं मोठं नाव होतं. माणूस सकाळी घालायचा आणि संध्याकाळी लग्नाला जायचा. नवऱ्याचा जुना गॉगल लावून खाला मशीनवर बसली. पत्र्याच्या ओसरीत, काळा गॉगल घालून, पायानं मशीन हाणणारी ती बाई बघून आम्ही इतक्या हसलो की तिनं आम्हाला गजाची पट्टी दाखवली.

थेंबांनी लाली गेली. अगदी वचन पाळल्यासारखी गेली. डोळा पांढराशुभ्र झाला आणि आम्ही मेडिकलवाल्याचं कौतुक केलं. पण ती काही बरी झाली नाही. उजेडाकडे बघितलं की डोळ्यातून धार लागायची. सुईत दोरा ओवताना तिचा नेम चुकायला लागला. ती दोरा थुंकीनं ओला करायची, टोक वळवायची, सुईच्या शेजारून न्यायची आणि स्वतःशीच चिडायची. शेवटी दोरा माझ्याकडे द्यायला लागली. मला ते आवडायचं, उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं. डोळा दुखतो का विचारलं तर म्हणायची, "लाली तर गेली की. जाईल तेही."

मग एका दुपारी तिनं गॉगल काढून तोंड धुतलं आणि मला तिच्या बुबुळावर एक पांढुरका ठिपका दिसला. तुरीच्या डाळीएवढासुद्धा नाही. मी हाक मारून बाकीच्यांना बोलावलं. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतकं गोड नाव कुणी दिलं कोण जाणे. खाला आरशात बघेना. आम्ही चौघी तिच्याभोवती उभ्या, आणि अशा वेळी थट्टाच सुचणारी आमची हिमायतनगरवाली म्हणाली, "पण खाला, तुमचा दुसरा डोळा कधी येणार?"

"काय?"

"डोळे येतेत ना? आमच्या सगळ्यांचे दोन्ही दोन्ही आले. तुमचा एकच कसा आला? दुसऱ्याची गाडी चुकली का काय?"

आम्ही हसलो. खालाही हसली. मग हसता हसता थांबली आणि बंबाकडे बघत राहिली. "त्या दिशी तुराटी मोडताना कुसळ गेलं व्हतं," ती म्हणाली. "चोळलं जरा. मग इसरलेच गं मी. तुमची बॅच व्हती ना."

या प्रसंगाचा मी नंतर फार विचार केला आहे. डोळे येतात ते अनेकवचनात येतात. एक डोळा 'आला' असं आपण कधी म्हणतच नाही. एकाच डोळ्याला काही झालं तर ते 'लागलेलं' असतं, 'गेलेलं' असतं, काहीही असतं पण 'आलेलं' नसतं. खाला मराठी बोलत वाढली होती, आम्ही सगळ्या मराठी शाळांत शिकलेल्या, आणि तरी साथीच्या गडबडीत एकीच्याही कानाला ते खटकलं नाही. ती मैत्रीण पुढे वकील झाली. होणारच होती.

आम्ही तिला रिक्षात घालून डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. मेडिकलच्या थेंबांची बाटली बरोबर होती. डॉक्टरांनी बाटली बघितली आणि त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली. "हे कुणी दिलं?" आम्ही सगळ्या खाली बघायला लागलो. मेडिकलवाला समोरचाच, आणि खालाला बहीण मानणारा. खाला म्हणाली, "मीच घेतलं. त्याचं नाव नक्को काढू डॉक्टरसाब, गरीब हाय."

डोळा बधिर करून त्यांनी त्या ठिपक्यावरून पात्याच्या टोकानं जरासं खरवडून काचेवर घेतलं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग नजर बसली आणि दिसले ते दोरे. बारीक, फांद्या फुटलेले, मधे मधे आडव्या रेघा असलेले. पुस्तकात मी बुरशी म्हणजे भाकरीवरचा हिरवा थर एवढंच वाचलं होतं. ही माझ्या खालाच्या डोळ्यात वाढत होती.

"काय हाय गं?" तिनं विचारलं.

"दोरे आहेत, खाला."

"दोरा? माझ्या डोळ्यात?" तिनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "सारी जिंदगी सुईत दोरा घालून राहिले, तर त्यानं मलाच सुई समजलं का काय!" डॉक्टरसुद्धा हसले. पण लगेच गंभीर झाले. म्हणाले, ओल्या तुराटीच्या कुसळाबरोबर आत गेलेल्या बुरशीचा व्रण आहे, बुबुळाच्या मधोमध नाही, थोडा बाजूला आहे, एवढंच नशीब. लाली घालवणारे थेंब आत्तापासून बंद. बुरशीवरचं औषध तासातासाला घालायचं, काही आठवडे. डोळा राहील का, ते आज सांगता येत नाही. आणि राहिला तरी त्यानं दिसेल का, हे व्रण भरल्यावरच कळेल.

व्रण पडलेला हा उजवा डोळा म्हणजे तिचं पोट होतं. बारीक शिलाईला ती तोच डोळा लावायची, डावा लहानपणापासूनच अधू होता. हे आम्हाला घरी परतताना रिक्षात कळलं, तेही रिक्षावाल्याशी बोलताना तिनं सांगितलं म्हणून. आईला सोडून आल्यावर मी पहिल्यांदा तेव्हा घाबरले.

ते औषध लातुरात मिळालं नाही. समोरच्या मेडिकलवाल्यानंच हैदराबादहून मागवून घेतलं, आणि आलं त्या दिवशी स्वतः दुकान बंद करून घेऊन आला. ओसरीच्या पायरीवर उभा राहिला, वर येईना. खाला म्हणाली, "ये की आत, डोळा माझा गेला, तुझा न्हाई. तुला तर सारं दिसून राहिलंय ना?" तो बिचारा बाटली ठेवून डोळे पुसत गेला.

दुधासारखं पांढरं औषध होतं, हलवून घालायचं. आम्ही चौघींनी पाळ्या लावल्या. क्लासमधूनही एकजण उठून जायची. घर गल्लीपलीकडेच होतं, पण आमच्या सरांच्या तासातून उठणं म्हणजे वाघाच्या पिंजऱ्यातून उठणं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दारात धरलं. मी एका दमात सगळं सांगितलं आणि वर विचारलं, "सर, लाली गेली होती, तरी आजार कसा वाढला?" सरांनी खडू खाली ठेवला. "हे परीक्षेला येत नाही," ते म्हणाले. "जा, थेंब घालून ये."

संध्याकाळी ते मोसंब्यांची पिशवी घेऊन खालाच्या ओसरीवर हजर. परीक्षेला न येणारी गोष्ट त्यांनी आम्हाला मोडक्या स्टुलावर बसून शिकवली. लाली म्हणजे आजार नव्हे, म्हणाले. लाली म्हणजे आपलं माणूस धावून आलं त्याची खूण. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना घुसखोराचा पत्ता लागला की त्या भागातल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, पेशी तिकडे धावतात, म्हणून डोळा लाल दिसतो. तुमच्या थेंबांनी त्या पेशींना गप्प बसवलं. बुरशीला कुणी गप्प बसवलं नव्हतं.

खाला मोसंबं सोलत ऐकत होती. "म्हंजे माझ्या माणसांना मीच हाकललं," ती म्हणाली.

सरांना त्यापुढचं ठाऊक नव्हतं, तेव्हा ते फारसं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या पेशी बुरशीला ओळखतात कशा, हे मी पुष्कळ वर्षांनी शिकले आणि शिकताना सारखी खाला आठवत राहिली. पेशीला डोळे नसतात. ती चाचपून ओळखते. बुरशीच्या अंगावर एक कवच असतं, साखरेच्या लांब साखळ्यांचं विणलेलं, आणि तसलं विणकाम आपल्या शरीरात कुठेच नाही. पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर नेमकं तेच पकडणारे रेणू असतात. खाला कापडाचं टोक चोळून 'हे आपलं न्हवं' म्हणायची, तसंच. ओळख पटली की पेशी इतरांना हाका घालते. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून मदतीला येणाऱ्या पेशी कडेकडेनं आत शिरतात.

आणि मग खरी पंचाईत होते. जिवाणू छोटा असतो, पेशी त्याला गिळून मोकळी होते. बुरशीचा दोरा पेशीच्या कितीतरी पट लांब. गिळणार कसा? मग पेशी त्या दोऱ्याला चिकटून बसतात, अंगातली जहाल रसायनं त्याच्यावर ओततात, आणि काही तर स्वतः फुटून आपल्याच पोटातल्या धाग्यांचं जाळं त्याच्यावर टाकतात. मरतात. त्या लढाईत दोरा मरतो पण बुबुळही भाजतं. म्हणून औषधही लागतं, आणि म्हणून बरं झालं तरी डाग राहतो. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं पेन खाली ठेवून ऐकतात. मला त्या पेशींबद्दल माया आहे, लपवत नाही. आपल्या घरचं वाचवताना आपल्याच घराची नासधूस करणारी माणसं मी भूकंपाच्या गोष्टींमध्येही ऐकली आहेत. खालाचं दार फोडणारा शेजारी त्यातलाच.

औषध सुरू झाल्यावर डोळा पुन्हा लाल झाला. पहिल्यांदा लाल झाला तेव्हा आम्ही ती लाली घालवली होती, आता ती बघून आम्हाला बरं वाटलं. रोज सकाळी हिमायतनगरवाली तिचा डोळा बघून जाहीर करायची, "आज लई माणसं आली खाला तुमच्याकडं!" खाला म्हणायची, "येऊ द्या, चहा ठेवा." दुखणं मात्र खरं होतं. थेंब पडला की ती माझं मनगट दाबायची, बांगड्या रुतायच्या. ओरडायची नाही. उदगीरहून मुलगी आली, आईला घेऊन जाते म्हणाली. खालानं नाही म्हटलं. "यांची परीक्षा हाय. यांना कोण उठवणार?" मग मुलगीच राहिली, बंब ती पेटवू लागली आणि खाला बाजेवरून तिला सूचना देऊ लागली.

शिवायला आलेलं कापड ओसरीत साठत गेलं. गिऱ्हाईकं येऊन विचारायची आणि काही जण कापड परत घेऊन जायची. ती त्यांना हसून वाटेला लावायची आणि मग बराच वेळ मशीनच्या चाकावर नुसता हात ठेवून बसायची. अशा वेळी मी तिच्याजवळ पुस्तक घेऊन बसायचे, पान उलटायचे, पण वाचलेलं काही डोक्यात जात नव्हतं. मी तेव्हा रोज एकच मागत होते. माझा नंबर लागला नाही तरी चालेल, हिला दिसू दे. कुणाकडे मागत होते ते विचारू नका, जो ऐकेल त्याच्याकडे.

व्रण भरला असं डॉक्टर म्हणाले तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. ठिपक्याच्या जागी धुरकट डाग राहिला होता. आता बघू, म्हणाले. त्यांनी खालाचा डावा डोळा हातानं झाकला. खोलीत मावेनात म्हणून बाकीच्या बाहेर थांबल्या होत्या, मी दाराशी उभी होते. डॉक्टरांनी तिच्यासमोर बोटं धरली.

"किती बोटं?"

खालानं डोकं जरा डावीकडे, जरा उजवीकडे केलं, सुईसाठी करायची तसं. डॉक्टरांनी हात जवळ आणला. पुन्हा विचारलं. ती गप्पच. मला ते बघवेना. मी तोंड फिरवायला गेले, तेवढ्यात ती म्हणाली, "बोटं ऱ्हाऊ द्या डॉक्टरसाब. ती पोरगी बघा, दारात. रडून राहिली."

डॉक्टरांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी रडत होते, पण आवाज केला नव्हता. ते सावधपणे म्हणाले, "दिसतंय, की ऐकू आलं?"

"दिसून राहिलं ना," खाला म्हणाली. "धुकट हाय, पण दिसतंय. पिवळी ओढणी हाय, तिच्या टोकानं नाक पुसून राहिली. सुती हाय ती, डाग जाणार न्हाई."

मी ओढणी सोडली आणि मग काही धरबंद राहिला नाही, तिथेच मोठ्यानं रडले.